सावकाश वाचणाऱ्याने चमू सोडावी का?

पत्राचा सारांश : नागपूरच्या दक्षिण भागात राहणाऱ्या, एका शाळेत लिपिक असलेल्या आणि पन्नाशी ओलांडलेल्या वाचक भगिनीचे हे पत्र आहे. ओळखीच्या वाचकांनी मिळून १५ जुलै ते १५ ऑक्टोबर असे तीन महिन्यांचे एक सांघिक वाचन चॅलेंज ठरवले असून त्याचा विषय ‘घर’ हा आहे. सहा-सहा जणांच्या पाच चमू आहेत. वाचलेल्या दर १०० पानांना १० गुण, पुस्तक विषयाला धरून असल्यास त्याच्या दुप्पट, आणि पुस्तकावर टिपण लिहिल्यास आणखी १० गुण, असा नियम आहे. सहाही जणांच्या गुणांची बेरीज करून दर पंधरवड्याला तक्ता व्हॉट्सॲपवर जाहीर होतो. पत्रलेखिका रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर पाऊण तास वाचतात आणि तेवढ्या वेळात ‘जेमतेम १५ पाने’ होतात. उद्धव शेळके यांची ‘धग’ त्यांनी १९ रात्री वाचली, कारण त्यातील वऱ्हाडी बोली मोर्शीकडच्या त्यांच्या माहेरची आहे आणि काही पाने त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली. लिहिण्यात वेळ गेला तर वाचायचे राहील, म्हणून टिपण त्यांनी एकही लिहिलेले नाही. चमूत सर्वांत कमी गुण त्यांचे आहेत. मिहानमधील एका कंपनीत नोकरी करणारी तरुण चमूप्रमुख त्यांना म्हणाली, ‘काकू, तुम्ही लहान मुलांची पुस्तके घ्या ना, पटापट होतील.’ हे वाक्य त्यांच्या मनाला लागले. पुढच्या पंधरवड्यात, विषयाला धरून असलेली पण ८० पानांवर सोडून दिलेली २४० पानांची एक कादंबरी त्यांनी पूर्ण वाचली म्हणून नोंदवली आणि तेव्हापासून त्यांना स्वस्थता नाही. चमूतील आणखी एक सदस्य न वाचलेली पुस्तके नोंदवत असावा, अशीही त्यांना शंका आहे. त्या विचारतात, ‘माझ्यामुळे पाच जणांचे नुकसान होत असेल, तर मी बाहेर पडावे का?’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा प्रश्न एका गृहीतावर उभा आहे, आणि ते गृहीत आपण आधी तपासून पाहू. तुमच्यामुळे इतरांचे नुकसान होते, असे तुम्ही धरून चालला आहात. परंतु तुम्हीच दिलेल्या नियमानुसार चमूचे गुण बेरजेने ठरतात, सरासरीने नाही. याचा अर्थ, तुमचे २० गुण झाले तरी ते इतर पाच जणांच्या गुणांतून वजा होत नाहीत, त्यांत मिळवलेच जातात. तुम्ही बाहेर पडलात तर चमूची बेरीज कमी होईल. म्हणजे ज्या कारणासाठी तुम्ही बाहेर पडू पाहता, ते कारण मुळात अस्तित्वातच नाही. सरासरीचा नियम असता तर हा प्रश्न थोडा वेगळा झाला असता, आणि ज्या वाचकांच्या उपक्रमात तसा नियम असेल त्यांनी तो सुरुवातीलाच बदलून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण सरासरीच्या नियमात सावकाश वाचणारा माणूस खरोखरच चमूला जड होतो, आणि वाचनाच्या कामात कोणी कोणाला जड होण्याची वेळ येता कामा नये.

आता त्या ‘जेमतेम १५ पानां’कडे वळू. तीन महिन्यांत सुमारे ९० रात्री येतात. रोज १५ पाने म्हटली तर १,३५० पाने होतात, म्हणजे दीड-दोनशे पानांची सात-आठ पुस्तके. ती सगळी ‘घर’ या विषयाला धरून असतील तर पानांचेच २७० गुण होतात, आणि सात पुस्तकांवर सात टिपणे लिहिलीत तर आणखी ७०, मिळून ३४०. याउलट तुमच्या दुप्पट वेगाने वाचणारा, परंतु हाती येईल ते पुस्तक घेणारा आणि टिपण न लिहिणारा सदस्य २,७०० पाने वाचूनही २७० गुणांवर थांबतो. हा हिशेब मांडण्यामागे तुम्हाला गुणांच्या मागे लावण्याचा हेतू नाही. नियम न पाहता आपण स्वतःला शेवटच्या बाकावर बसवून घेतले आहे, एवढेच मला दाखवायचे आहे. टिपणासाठी वेळ दिला तर वाचन राहील, हा तुमचा अंदाजही उलटा आहे. एका टिपणाचे १० गुण म्हणजे विषयानुरूप पुस्तकाच्या ५० पानांइतके गुण, म्हणजेच तुमच्या तीन रात्रींहून अधिक वाचन. टिपण एका रात्रीत होते. ज्या पुस्तकाची काही पाने तुम्ही पुन्हा पुन्हा वाचली, त्याच्यावर लिहिण्यासारखे तुमच्याकडे काही नाही, हे मी मान्य करणार नाही.

गुणांविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कोणत्याही स्पर्धेला मोजण्याजोगे काहीतरी लागते, आणि पाने मोजणे सोपे असते व त्यावर वाद होत नाहीत. म्हणून आयोजकांनी पाने धरली, यात त्यांचा दोष नाही. परंतु पानांच्या मापात साहित्याचे काही प्रकार कायम तोट्यात जातात, हे प्रत्येक सहभागी वाचकाने ओळखून असावे. याच शहरात आयुष्य घालवलेल्या कवी ग्रेस यांचा ‘संध्याकाळच्या कविता’ हा १९६७ साली आलेला संग्रह कोणी ‘घर’ या विषयासाठी निवडला, तर एका संध्याकाळी दोन कविता वाचून होतात आणि तिसरीकडे जाण्याआधी पहिलीकडे परतावे लागते. पानांच्या हिशेबात त्या संध्याकाळी काहीच घडलेले नसते. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक घ्या. वडिलांच्या निधनानंतर विदर्भातील एका खेड्यातल्या वाड्यात जमलेले देशपांडे कुटुंब, त्यांचे बोललेले आणि न बोललेले हिशेब, खचत चाललेला वाडा : ‘घर’ या विषयासाठी यापेक्षा नेमके मराठी लेखन मला तरी सहज सुचत नाही. तरीही एखाद्या जाडजूड कादंबरीपेक्षा त्याला कितीतरी कमी गुण मिळतील. जात्यावरच्या ओव्यांचेही तसेच. माहेर आणि सासर या दोन घरांमधली वाट जिथे ओळीओळीत आहे, तो ऐवज गुणतक्त्यात जवळजवळ दिसणारच नाही.

बालसाहित्याबद्दलचा सल्ला तुम्हाला लागला, हे स्वाभाविक आहे, पण त्यातील दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात असे सुचवावेसे वाटते. मुलांची पुस्तके कमी दर्जाची नसतात, आणि ‘घर’ या विषयावर मुलांसाठी लिहिलेले एखादे पुस्तक मोठ्यांना पुष्कळ काही देऊन जाऊ शकते. तेव्हा त्या पुस्तकासाठी ते वाचायचे असेल तर अवश्य वाचा. मोठा टाइप आणि चित्रे यांमुळे पाने भराभर उलटतात, एवढ्याच कारणासाठी वाचायचे असेल तर वाचू नका. राहता राहिली ती चमूप्रमुख मुलगी. तिने तुम्हाला कमी लेखले, असे तुम्ही गृहीत धरले आहे; मला मात्र त्या वाक्यात ‘काकूंना त्रास होऊ नये’ अशी घाईघाईने केलेली सोयही ऐकू येते. दोन्हीपैकी खरे काय, हे तिला विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि पत्रावरून दिसते की तुम्ही तिला विचारलेले नाही. सर्वांसमोर व्हॉट्सॲपवर न लिहिता तिला फोन करा आणि शांतपणे सांगा : ‘मला रोज १५ पाने जमतात आणि तेवढी मी शेवटपर्यंत वाचणार आहे. ती कोणत्या पुस्तकावर घालवावीत, हे आपण दोघी मिळून ठरवू.’ या दोन वाक्यांत तुमची मर्यादाही आली आणि तुमचा शब्दही आला. कामाच्या ठिकाणी दिवसभर लक्ष्य आणि मुदती यांच्यात वावरणाऱ्या त्या मुलीला असा पक्का शब्द देणारा सदस्य हायसे वाटायला लावील, असा माझा अंदाज आहे.

चमू कशासाठी असते, हा या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे, आणि त्यावर थोडे थांबून बोलावेसे वाटते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे त्यांतले दोन. आणि वाचकाचा वेळ वाचवा, हा चौथा. हा चौथा सिद्धान्त अनेकदा चुकीचा समजला जातो. रंगनाथनांना वाचवायचा होता तो वाचकाचा शोधण्यात जाणारा वेळ. वाचण्यात जाणारा वेळ वाचवा, असे त्यांनी कुठेही म्हटलेले नाही. विषय ठरवून सहा जणांनी मिळून वाचण्याचा खरा फायदाही नेमका इथेच आहे. एकट्या माणसाला ‘घर’ या विषयावर काय काय वाचावे हे शोधण्यात महिना जाईल. सहा जण असले की एकाला आत्मचरित्रे ठाऊक असतात, दुसऱ्याला नाटके, तिसऱ्याच्या घरी जुन्या दिवाळी अंकांची थप्पी असते. औपचारिक शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये पुन्हा पुन्हा मोडलेल्या आणि पुन्हा मांडलेल्या संसाराची हकीकत सांगितली आहे, दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये, १९७८ साली, गावकुसाबाहेरचे आणि मुंबईतल्या कावाखाना या वस्तीतले घर मराठी वाचकांसमोर आले. ही दोन पुस्तके दोन वेगवेगळ्या सदस्यांनी वाचून एकमेकांना सांगितली, तर ‘घर’ हा शब्द त्या बैठकीत आधीसारखा राहत नाही. ही गोष्ट वेगाने वाचणारा एकटा वाचक साधू शकत नाही.

काही वर्षांपूर्वी धरमपेठेत आम्ही काही जण महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमत असू. त्यात एक निवृत्त तलाठी होते. ठरलेले पुस्तक त्यांचे कधीही पूर्ण झालेले नसे. चाळीस-पन्नास पानांवर खूण घालून ते येत. एकदा वाड्याच्या वाटणीवरून भावाभावांत तेढ येते अशी एक कथा आम्ही वाचली होती, आणि आम्हा सर्वांना ती स्वभावांची गोष्ट वाटली होती. त्या गृहस्थांनी चाळीस पानांच्या बळावर आम्हाला समजावले, की शेताची नोंद सातबाऱ्यावर असते, परंतु गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये होते, आणि वारसांची नावे चढवण्याच्या वेळी बहिणीच्या सहीची आठवण सगळ्यांना एकदम कशी येते. त्या संध्याकाळी कथेतल्या बहिणीकडे आम्ही पहिल्यांदा नीट पाहिले. आम्ही सर्वांनी पुस्तक संपवले होते, आणि ती आमच्या हातून निसटली होती.

तुमच्याकडेही असे काही आहे, आणि ते तुमच्या पत्रात तुम्ही कबुलीजबाब दिल्यासारखे लिहिले आहे. ‘धग’ वाचायला १९ रात्री लागल्या, असे तुम्ही म्हणता. १९६० साली आलेल्या या कादंबरीतील कौतिक संसार सावरण्यासाठी जी झुंज देते, ती वऱ्हाडी बोलीत वाचताना तुम्हाला तुमच्या आईचा आवाज ऐकू आला असेल, तर १९ रात्री फार नाहीत. तुमच्या चमूतील तरुण सदस्यांना, ते नागपुरात वाढलेले असले तरी, त्या बोलीतले कितीतरी शब्द अडणार. त्यांनी ती कादंबरी अर्थ लावत, काही ठिकाणी ओळी ओलांडत वाचली असेल किंवा अडते म्हणून बाजूला ठेवली असेल. तुम्ही त्यातील दोन पाने बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. कोणता शब्द रागात येतो आणि कोणता मायेने, कोणता आता मोर्शीकडेही कमी ऐकू येतो, हे सांगा. तुमचे पहिले टिपणही त्यातूनच तयार होईल : कादंबरीतील घराशी, चुलीशी, अंगणाशी संबंधित वीस-पंचवीस बोलीशब्द, प्रत्येकापुढे अर्थ आणि तो तुम्ही कोणाच्या तोंडून ऐकला ते.

आता त्या चुकीच्या नोंदीबद्दल. इथे मी तुम्हाला पळवाट देणार नाही, कारण तुम्हाला ती नको आहे हे पत्रातूनच कळते. पुढचा तक्ता जाहीर होण्याआधी चमूप्रमुखाला सांगा, की अमुक पुस्तकाची ८० पाने वाचून मी ते सोडले होते आणि नोंद पूर्ण पुस्तकाची केली. कृपया ती दुरुस्त करावी. ४८ गुणांचे १६ होतील, चमूचे ३२ गुण कमी होतील. एखाद्या आठवड्याच्या वाचनाने आणि दोन टिपणांनी ते भरून निघतील. कारणांची लांब यादी देऊ नका, आणि त्या संभाषणात दुसऱ्या कोणाच्याही नोंदींचा उल्लेख करू नका. आपली चूक सांगताना शेजारच्याकडे बोट गेले की तिचे रूपच बदलते. मात्र एक नियम त्याच वेळी सुचवण्यासारखा आहे : अर्धवट सोडलेल्या पुस्तकाची जेवढी पाने वाचली तेवढी धरावीत, आणि ते का सोडले हे दोन ओळींत लिहावे. न आवडलेले पुस्तक सोडण्याची मोकळीक चॅलेंजमध्ये नसेल, तर माणसे खोट्या नोंदी करतात किंवा कंटाळत पाने ओढतात. तुमची चूक तुमचीच आहे, तरी तिला जागा करून देण्यात नियमाचाही हात होता.

दुसऱ्या सदस्याविषयी तुमच्याकडे केवळ शंका आहे. त्याने ती पुस्तके पूर्वी वाचलेली असू शकतात, किंवा त्याच्या रात्री तुमच्यापेक्षा लांब असू शकतात. तपास करणे हे तुमचे काम नाही. पंधरवड्यातून एकदा सहाही जणांनी तासभर बसून प्रत्येकाने एका पुस्तकाबद्दल पाच मिनिटे बोलावे, असे ठरवून घ्या. हा कोणासाठी लावलेला सापळा नव्हे. बोलायचे आहे हे ठाऊक असले की माणूस आपसूक नीट वाचतो, आणि ज्याने वाचलेले नाही त्यालाही ऐकून वाचावेसे वाटते.

बाहेर पडण्याचा पर्याय मी पूर्णपणे नाकारत नाही. रात्रीचा तो पाऊण तास, जो दिवसभरात तुमचा स्वतःचा असा एकच वेळ दिसतो, त्याची तुम्हाला धास्ती वाटू लागली असेल. डोळ्यांचा किंवा घरातल्या आजारपणाचा प्रश्न असेल. किंवा ‘घर’ हा विषयच सध्या मनाला झेपत नसेल, तर बाहेर पडणे योग्य आहे आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. तसे असल्यास पंधरवडा संपताना सांगा, वाचत असलेले पुस्तक पूर्ण करून किंवा पुढच्या सदस्याकडे देऊन निघा. परंतु अपराधी वाटते म्हणून निघू नका. मधला एक मार्गही आहे : पानांच्या गुणांची अपेक्षा न ठेवता टिपणे, शब्दसूची आणि पुस्तकांचा शोध एवढेच काम अंगावर घ्यायचे. तुमच्या पत्रातला सूर पाहता तुम्ही आधी पूर्ण सहभागाचा प्रयत्न करावा असे मला वाटते, कारण ज्या माणसाला खोटी नोंद झोपू देत नाही त्याची अशा चमूला गरज असते.

हे सदर वाचणाऱ्या आणि असे उपक्रम चालवणाऱ्या इतरांसाठीही थोडे लिहितो. सगळी पुस्तके विकत घेण्याची गरज नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानुसार मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत आहेत आणि थोड्या अनामत रकमेवर व वर्गणीवर तेथून पुस्तके मिळतात. चमूतील सहा जण सहा वस्त्यांत राहत असतील तर प्रत्येकाने आपल्या भागातल्या ग्रंथालयाचे सदस्य व्हावे, म्हणजे चमूला सहा ग्रंथालये मिळतात. नागपुरात देवाणघेवाणीसाठी सीताबर्डीचे मेट्रो स्थानक सोयीचे आहे, कारण दोन्ही मार्ग तिथेच एकमेकांना मिळतात. मात्र पुस्तक कोणाच्या नावावर आहे आणि परत करण्याची तारीख कोणती, हे एका वहीत लिहून ठेवावे, नाहीतर ग्रंथपालांसमोर एकालाच उभे राहावे लागते. ज्यांचे डोळे थकतात त्यांचे ऐकलेले पुस्तकही धरले जावे. छापील प्रतीची पाने मोजून गुण देता येतात. कविता आणि नाटक यांना चमूप्रमुखांनी पानांऐवजी पुस्तकामागे ठरावीक गुण द्यावेत. आणि शेवटच्या आठवड्यात तक्ता जाहीर करणे थांबवावे, कारण खोट्या नोंदींचा मोह सर्वाधिक तेव्हाच होतो.

तुमचा उपक्रम १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, संपतो. त्याच सुमारास धम्मचक्र प्रवर्तन दिन येतो. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेचे स्मरण करण्यासाठी लाखो माणसे दीक्षाभूमीवर येतात, तेव्हा तिथल्या पुस्तकांच्या दुकानांसमोर उभे राहून पाहावे. दूरच्या गावाहून आलेली, हातात एक पिशवी असलेली माणसे पुस्तके चाळतात, किंमत विचारतात, एखादे पुस्तक निवडून त्याच पिशवीत ठेवतात आणि परतीच्या गाडीला लागतात. ते पुस्तक किती दिवसांत वाचून होते, हे कोणी विचारत नाही. या शहरातला वाचनाचा सर्वांत मोठा प्रसंग मी त्यालाच मानतो. शक्य असेल तर तुमच्या चमूने त्या दिवशी एकत्र तिथे जावे आणि प्रत्येकाने पुढच्या वर्षासाठी एक पुस्तक घ्यावे.

त्याआधी, या रविवारी, चमूप्रमुखाला फोन करा. आधी नोंदीची दुरुस्ती सांगा, मग १५ पानांची गोष्ट. आणि बैठकीत वाचायची ‘धग’मधली ती दोन पाने आज रात्रीच निवडून खूण घालून ठेवा.